‘नेट नाही’ म्हणजे नेमके काय नाही?

धार जिल्ह्यातील मनावर हे विंध्याच्या दक्षिणेकडे, निमाडच्या सखल पट्ट्यात, मान नदीच्या काठी वसलेले तालुक्याचे गाव. धार आणि देवास या पवारांच्या संस्थानांमुळे माळव्याच्या या भागात मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. त्यांतील कोणाचा मुलगा आज इंदूरला नोकरी करतो, कोणाचा पुण्याला, तर कोणाचा गोव्यातील वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत. अशाच एका घराचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. जुलै महिना आहे. दोन दिवस गायब असलेली वीज नुकतीच आली आहे. नात संगणकासमोर बसली आहे. अभियांत्रिकी प्रवेशासाठी महाविद्यालयांचा पसंतिक्रम भरण्याची मुदत त्याच रात्री संपणार आहे आणि संगणकाच्या पडद्यावर एकही पान उघडत नाही. आजोबांच्या मते राउटर जळला. शेजाऱ्यांच्या मते कंपनीनेच लाइन बंद केली. शेवटी गोव्यातील काकांना फोन लागतो आणि मुलगी एवढेच सांगते, “काका, नेट नाही.”

हे वाक्य जितके सर्वपरिचित तितकेच निरुपयोगी. पोटात दुखते एवढेच सांगून डॉक्टरांकडून औषधाची अपेक्षा करण्यासारखे ते आहे. ‘नेट नाही’ या दोन शब्दांमागे निदान सहा निरनिराळे दोष दडलेले असू शकतात आणि त्या प्रत्येकाचा उपाय वेगळा. दुर्दैवाने बहुतेक घरांत पहिला उपाय म्हणून राउटर बंद करून चालू केला जातो, दुसरा उपाय म्हणून तोच पुन्हा बंद करून चालू केला जातो, आणि तिसऱ्या उपायासाठी तंत्रज्ञाची वाट पाहिली जाते. पावसाळ्यात ही वाट मनावरमध्ये पाहावी लागते तशीच सत्तरी किंवा काणकोणच्या आतील वाड्यांवरही पाहावी लागते.

आधी मुदत, मग दुरुस्ती

निदानाकडे वळण्यापूर्वी एक व्यवहाराची गोष्ट. घड्याळ धावत असेल तर दुरुस्तीच्या नादी लागू नये. पसंतिक्रम, परीक्षेचा अर्ज किंवा बिलाचा भरणा ज्या संकेतस्थळावर करायचा, ते मोबाइलवर उघडते का, हे आधी पाहावे. बहुतेक ब्राउझरच्या मेनूत ‘डेस्कटॉप साइट’ अशी सोय असते. ती चालू केल्यावर संगणकावर दिसते तसेच पान फोनवर दिसते. अक्षरे बारीक होतात, पण काम होते. अर्ज सादर झाल्याची पावती हाती आली की मग संगणक उघडून बसावे. घाईत केलेल्या दुरुस्तीने चालू असलेल्या गोष्टीही बिघडतात. राउटरच्या मागचे बारीक छिद्र टाचणीने दाबून त्यातील सगळी मांडणी पुसून टाकणारे लोक बहुधा अशाच घाईत असतात. त्या छिद्राला हात लावू नये. ते दाबल्यावर कंपनीने भरून दिलेले वापरकर्त्याचे नाव व परवलीचा शब्द नाहीसा होऊ शकतो, आणि मग तंत्रज्ञाला बोलावण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

मोबाइलचा दुसरा उपयोग निदानासाठी आहे, आणि तो अनेकांना ठाऊक नसतो. फोन चार्जिंगच्या वायरने संगणकाला जोडून फोनमधील ‘यूएसबी टेदरिंग’ चालू केले की फोनचे इंटरनेट संगणकाला मिळू लागते. ज्या जुन्या डेस्कटॉपमध्ये वाय-फायची सोयच नाही, त्यालाही हे चालते. आता पाने उघडली, तर संगणक निर्दोष आहे. दोष घरातील वायर, राउटर किंवा बाहेरची लाइन यांत आहे. पाने अजूनही उघडत नसतील, तर राउटर आणि कंपनी यांना दोष देण्याचे कारण उरत नाही. बिघाड संगणकातच आहे. पाच मिनिटांच्या या चाचणीने निम्मे क्षेत्र शोधातून बाद होते.

पाटाच्या कडेने वर

शेतात पाणी पोहोचले नाही, तर शेतकरी थेट धरणावर जाऊन विचारणा करीत नाही. तो आपल्या बांधापासून पाटाच्या कडेने वर चालत जातो आणि कुठे मातीचा ढीग पडला, कुठे कोणी पाणी वळवून घेतले, हे पाहत जातो. खाजन शेतीतील माणूसही आधी मानशीचे दार पाहतो, मग नदीची भरती. संगणकाच्या जोडणीचा शोधही असाच घ्यावा. संगणक, त्याची वायर किंवा वाय-फाय, राउटर, रस्त्यावरून आलेली लाइन, कंपनीचे जाळे, नावांचा पत्ता सांगणारी यंत्रणा आणि शेवटी ते संकेतस्थळ, असा हा पाट आहे. जिथपर्यंत पाणी आहे आणि जिथून पुढे नाही, त्या दोन ठिकाणांच्या मध्ये दोष असतो.

सर्वांत सोपी तपासणी दिव्यांची. फायबरच्या जोडणीत भिंतीवर बसवलेल्या पेटीवर ‘पॉन’ आणि ‘लॉस’ अशा नावांचे दोन दिवे असतात. ‘पॉन’ स्थिर हिरवा असेल, तर काचेच्या तंतूतून येणारा प्रकाश पोहोचतो आहे आणि पलीकडच्या केंद्राने पेटीला ओळखले आहे. ‘लॉस’चा दिवा लाल झाला, तर प्रकाशच येत नाही. मग घरात काहीही करून उपयोग नाही. फांदी पडली, रस्ता खोदताना तार तुटली, उंदराने कुरतडली किंवा घरातल्याच कोणी कपाट सरकवताना पिवळी वायर काटकोनात दुमडली, यांपैकी काहीतरी झालेले असते. शेवटची शक्यता मात्र स्वतः पाहता येते. तांब्याची तार वाकवली तरी वीज वाहते. काचेचा तंतू फार वाकवला की प्रकाश वळणावर बाहेर निसटतो. घरापर्यंत पोहोचणारा हा प्रकाश मुळातच अत्यंत क्षीण असतो, कारण एकाच तंतूतील प्रकाश वाटेत विभागून ३२ किंवा ६४ घरांना दिला जातो. तंत्रज्ञ तो ‘डीबीएम’ या एककात मोजतात आणि साधारण उणे २७ च्या खाली गेला की पेटीला तो वाचता येत नाही. एक खबरदारी घ्यावी: सुटलेल्या तंतूच्या टोकात डोळा लावून पाहू नये. तो प्रकाश अवरक्त असल्याने डोळ्यांना दिसत नाही.

फायबरमधून वीज वाहत नसल्याने आकाशातील विजेचा धोका संपला, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. काचेतून वीज येत नाही; पण पेटीला वीजपुरवठा करणारा अॅडॉप्टर भिंतीतल्या तारांनाच जोडलेला असतो, आणि पेटीपासून संगणकापर्यंत जाणारी निळी किंवा करडी वायर तांब्याची असते. गडगडाटानंतर राउटरचे सगळे दिवे लागतात, वाय-फायवर फोन चालतो, पण वायरने जोडलेला संगणक मात्र मुका राहतो. अशा वेळी वायर जिथे खोचली जाते त्या खाचेजवळील बारीक दिवा पाहावा. दोन्ही टोकांना दिवा लागत नसेल, तर वायर राउटरच्या दुसऱ्या खाचेत लावून पाहावी, मग दुसरी वायर लावून पाहावी. तरीही दिवा नाही, तर संगणकातील नेटवर्क कार्ड बहुधा गेले. त्यासाठी नवा संगणक घ्यावा लागत नाही. यूएसबीला लागणारे छोटे लॅन अॅडॉप्टर किंवा वाय-फाय डोंगल लावले की काम भागते. प्लॅस्टिकची खिटी तुटल्याने सैल बसलेली वायर हाही असाच नेहमीचा गुन्हेगार. ती बोटाने दाबून धरली की नेट येते, सोडली की जाते, आणि घरातली माणसे ‘नेट येते-जाते’ अशी तक्रार कंपनीकडे करीत राहतात.

पत्ता मिळाला का?

दिवे ठीक, वायर ठीक, तरी पाने नाहीत, तर पुढची पायरी पत्त्याची. जाळ्यातील प्रत्येक यंत्राला आकड्यांचा एक पत्ता लागतो. घरात तो राउटर वाटतो. संगणक सुरू झाला की तो राउटरकडे पत्ता मागतो आणि ठरावीक मुदतीसाठी तो त्याला मिळतो. विंडोजमध्ये ‘कमांड प्रॉम्प्ट’ नावाची काळी चौकट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ हा शब्द रोमन अक्षरांत टंकल्यास हा पत्ता दिसतो. त्याची सुरुवात १९२.१६८ ने किंवा १० ने होत असेल, तर राउटरने पत्ता दिला आहे. सुरुवात १६९.२५४ ने होत असेल, तर संगणकाने राउटरला हाका मारल्या, उत्तर मिळाले नाही आणि अखेर त्याने स्वतःच एक काल्पनिक पत्ता धारण केला, असा त्याचा अर्थ. या आकड्यांनी सुरू होणारे सगळे पत्ते याच कामासाठी राखून ठेवलेले आहेत. त्यामुळे हे दोन आकडे दिसले की दोष संगणक आणि राउटर यांच्यामध्येच आहे, हे निश्चित समजावे.

राउटर बंद करून चालू करण्याचा लोकप्रिय उपाय इथे खरोखर लागू पडतो, कारण त्यामुळे पत्ते वाटण्याचे काम नव्याने सुरू होते. मात्र त्यातही क्रम आहे. संगणक बंद करावा, राउटरची वीज अर्धा मिनिट काढून ठेवावी, आधी राउटर सुरू करावा, त्याचे दिवे स्थिर होईपर्यंत दोन-तीन मिनिटे थांबावे आणि मगच संगणक सुरू करावा. वीज आल्याबरोबर दोन्ही एकदम सुरू झाले की संगणक पत्ता मागतो तेव्हा राउटर अजून जागाच झालेला नसतो.

लहान गावांत या पायरीवर आणखी एक अडचण आढळते. पूर्वी स्थानिक केबलवाल्याची वायर थेट संगणकात येत असे आणि त्याचा माणूस संगणकात पत्ता हाताने भरून जात असे. पुढे फायबर आले, राउटर आला, पण संगणकातील तो जुना हाताने भरलेला पत्ता तसाच राहिला. आता तो पत्ता घरातील नव्या जाळ्यात बसत नाही. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ‘आपोआप पत्ता मिळवा’ या अर्थाचा पर्याय निवडला की वर्षानुवर्षांचा हा घोळ क्षणात मिटतो. तसाच प्रकार कोणे एके काळी बसवलेल्या ‘प्रॉक्सी’ आणि ‘व्हीपीएन’चा.

हाक आणि प्रतिसाद

पत्ता योग्य असेल, तर आता त्याच काळ्या चौकटीत ‘पिंग’ ही आज्ञा वापरावी. हे साधन माइक म्युस या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने डिसेंबर १९८३ मध्ये लिहिले. पाणबुडीचा शोध घेण्यासाठी ध्वनी सोडून त्याच्या प्रतिध्वनीची वाट पाहिली जाते, त्यावरून त्याला हे नाव सुचले. पिंगही तेच करते: एक छोटी हाक पाठवते आणि प्रतिसाद यायला किती सहस्रांश सेकंद लागले, ते सांगते. प्रथम राउटरला हाक मारावी. त्याचा पत्ता ‘आयपीकॉन्फिग’मध्ये ‘डिफॉल्ट गेटवे’ या नावापुढे दिसतो. राउटर ओ देतो, म्हणजे घरातील जाळे ठीक. मग ८.८.८.८ या पत्त्याला हाक मारावी. हा गुगलने २००९ मध्ये सुरू केलेल्या सार्वजनिक सेवेचा पत्ता आहे आणि लक्षात ठेवायला सोपा म्हणून चाचणीसाठी सर्रास वापरला जातो. आकडे अर्थातच रोमन लिपीत टंकायचे. राउटर बोलतो पण ८.८.८.८ बोलत नाही, तर दोष घराबाहेर आहे. आता कंपनीला फोन करण्यास हरकत नाही.

आणि ८.८.८.८ बोलतो, पण संकेतस्थळाचे नाव टंकले की काहीच होत नाही, असे झाले तर? तर रस्ता खुला आहे, फक्त पत्तावही हरवली आहे. माणसे नावे लक्षात ठेवतात आणि यंत्रे आकडे. या दोहोंमध्ये दुभाष्याचे काम ‘डीएनएस’ ही यंत्रणा करते. सुरुवातीच्या काळात जगातील सगळ्या संगणकांची नावे एकाच यादीत लिहिलेली असत आणि ती यादी कॅलिफोर्नियातील एका संस्थेत सांभाळली जाई. यादी फुगू लागली तेव्हा पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये आजची विखुरलेली व्यवस्था आखली. कंपनीचा दुभाष्या आजारी पडला की जोडणी शाबूत असूनही सगळे जाळे बंद पडल्याचा भास होतो. अशा वेळी संगणकाच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी ८.८.८.८ किंवा १.१.१.१ भरल्यास दुसरा दुभाष्या मिळतो.

मनावरच्या संगणकाचे काय झाले?

आता त्या चित्रातील घराकडे परत यावे. पेटीवरचे दिवे हिरवे होते. पत्ता १९२.१६८ ने सुरू होत होता. ८.८.८.८ ने उत्तर दिले, नावांनीही उत्तर दिले. फोनच्या जोडणीवरही तोच प्रकार, म्हणजे लाइन निर्दोष. तरी प्रत्येक पानावर ‘तुमची जोडणी खासगी नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी इशारा. अशा वेळी फोनवरून मदत करणाऱ्याने एकच प्रश्न विचारावा: “बाळ, उजव्या कोपऱ्यात तारीख काय आहे?” आणि उत्तर येते, १ जानेवारी २००९.

संगणक बंद असतानाही त्याचे घड्याळ चालू ठेवण्यासाठी आत रुपयाच्या नाण्यासारखी एक चपटी बॅटरी असते. डेस्कटॉपमध्ये ती बहुधा ‘सीआर २०३२’ या क्रमांकाची, तीन व्होल्टची असते. भिंतीतून वीज मिळत असेपर्यंत तिच्यावर फारसा भार नसतो. काही वर्षांनी ती थकते, पण वीज असेपर्यंत ते कोणाच्या ध्यानात येत नाही. वीज दोन दिवस गेली की घड्याळ थांबते आणि वीज परतल्यावर संगणक आपल्या जन्माच्या आसपासची तारीख दाखवत उठतो. आता सुरक्षित संकेतस्थळे आपली ओळख पटवण्यासाठी एक प्रमाणपत्र दाखवतात. त्यावर ते कधीपासून कधीपर्यंत ग्राह्य आहे, हे लिहिलेले असते. काही प्रमाणपत्रांची मुदत तर अवघी ९० दिवसांची असते. २००९ मध्ये जगणाऱ्या संगणकाला ही सगळी प्रमाणपत्रे भविष्यातली, म्हणून बनावट वाटतात. तो इमानाने दार बंद करतो. बँका, प्रवेशाची संकेतस्थळे, टपाल सारे एकाच वेळी बंद. आणि घरच्यांना वाटते, नेट गेले.

विंडोज इंटरनेटवरून वेळ जुळवून घेते हे खरे. परंतु फरक फार मोठा असेल, तर ती आपोआप दुरुस्त करण्याचे टाळते. म्हणून तारीख व वेळ हातानेच भरावी आणि सोबत कालपट्टा भारताचा आहे ना, हेही पाहावे. एवढ्याने पाने उघडू लागतात. पण बॅटरी बदलली नाही, तर पुढच्या वीजकपातीनंतर हेच नाटक पुन्हा. ती घड्याळाच्या कोणत्याही दुकानात मिळते. संगणक बंद करून, भिंतीतील पिन काढून, बाजूची झडप उघडावी, जुनी बॅटरी खाचेतील खिटी बाजूला सारून काढावी आणि ‘अधिक’ची खूण वर ठेवून नवी बसवावी. गोव्याच्या दमट हवेत तिच्या खाचेवर हिरवट थर साचलेला आढळतो. तो कोरड्या फडक्याने पुसून घ्यावा.

वाय-फायबद्दल थोडेच. चिऱ्याच्या जाड भिंती आणि जुन्या वाड्यांच्या दगडी भिंती या ५ गिगाहर्ट्झच्या लहरींना फारशा मानवत नाहीत, २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी त्यांतून बऱ्या पार होतात. जुन्या लॅपटॉपला पहिला प्रकार दिसतच नाही. त्यामुळे फोनवर दिसणारे नाव लॅपटॉपच्या यादीत नसेल, तर राउटरवर दुसरी लहर बंद तर नाही ना, एवढे पाहावे.

मदतीच्या नावाखाली

या सगळ्यांत सर्वांत महाग पडणारी चूक तांत्रिक नसते. नेट बंद पडलेला माणूस मोबाइलवर कंपनीच्या ग्राहक सेवेचा क्रमांक शोधतो आणि शोधात वर आलेल्या पहिल्या क्रमांकावर फोन लावतो. तो क्रमांक ठगाचा असू शकतो. पलीकडचा गोड आवाज एक अॅप उतरवायला सांगतो, नऊ-दहा आकडी संकेतांक विचारतो आणि मग फोनचा किंवा संगणकाचा पडदा त्याच्या ताब्यात जातो. लाइन दुरुस्त करण्यासाठी कोणालाही ओटीपी, बँकेचा तपशील किंवा दहा रुपयांची ‘चाचणी’ रक्कम लागत नाही. क्रमांक नेहमी बिलावरून किंवा कंपनीच्या स्वतःच्या अॅपमधून घ्यावा. पैसे गेलेच तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय सायबर गुन्हे मदत क्रमांकावर कळवावे. जितके लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत अडवण्याची शक्यता अधिक.

कंपनीकडे तक्रार केल्यावर तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा. दखल घेतली गेली नाही, तर त्याच क्रमांकाच्या आधारे कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. क्रमांक नसेल तर पहिल्यापासून सुरुवात. तक्रार करतानाही ‘नेट नाही’ म्हणण्याऐवजी ‘लॉसचा दिवा अमुक वाजल्यापासून लाल आहे’ किंवा ‘राउटर उत्तर देतो, ८.८.८.८ देत नाही’ असे सांगितल्यास पलीकडच्या माणसाला तुमच्याकडून राउटर बंद-चालू करवून घेण्याचे निमित्त उरत नाही.

ज्या घरांतील म्हातारी माणसे एकटी राहतात आणि मुले मनावरपासून शेकडो मैल दूर आहेत, तेथे दिवाळीच्या सुट्टीत एक कागद लिहून राउटरजवळ चिकटवून ठेवावा. त्यावर ग्राहक क्रमांक, बिलावरचा सेवा क्रमांक, सारे ठीक असताना कोणते दिवे कोणत्या रंगाचे असतात ते, राउटरचा आकडी पत्ता, आणि बॅटरी बदलली त्या दिवसाची तारीख. परवलीचा शब्द मात्र त्या कागदावर लिहू नये. तो कपाटातल्या वहीत असावा.